उलटं झाकण

माझा आवाज उपजतच मोठा. लहानपणी मी ओढ्यापलीकडून हाक मारली की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची, असं आई सांगायची. पुढं दूध संकलन केंद्रावर मॅनेजर झालो आणि या आवाजाला पगारही मिळायला लागला. पाथरी रस्त्यावर, आमच्या गावापासून अर्ध्या कोसावर हे केंद्र. दोनशे सभासद, पाच कामगार, आणि आवाज एकच.

त्या पाचांत आश्रुबा. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरेतुरे करायचो. सकाळी साडेसहाला लोक दुधाच्या किटल्या ओट्यावर मांडायचे आणि कडेला रांगेत उभे राहायचे. आश्रुबा एकेक झाकण उघडायचे, वास घ्यायचे, पुढं सरकायचे. यंत्र नंतर, आधी आश्रुबांचं नाक. दूध नासलेलं निघालं तर एक शब्द बोलायचे नाहीत. झाकण उलटं करून किटलीवर ठेवायचे, बस्स. ज्याची किटली त्यानं समजून घ्यायचं आणि गर्दी पांगली की ती उचलून घरची वाट धरायची. किटलीवर नाव नसतं, लाल रंगातला नंबर असतो. कोणाचं दूध परत गेलं याची बोंब कधी झाली नाही. बावीस वर्षं हे असंच चालत आलेलं.

मी त्याला मुक्याचा कारभार म्हणायचो.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीनं आम्हा सगळ्यांना परभणीच्या एका मंगल कार्यालयात शिबिराला बोलावलं. ईश्वरी मॅडम म्हणून एक बाई शिकवायला होत्या. माणसांचे स्वभाव चार रंगांचे, आणि ज्याचा जो रंग तशी त्याची कामावरची बोलायची रीत, असं त्यांनी सांगितलं. लाल माणूस हुकूम सोडतो. पिवळा गप्पांत घोळवतो. निळ्याला आधी आकडे लागतात. आणि हिरवा चारचौघांत तोंडच उघडत नाही. त्याला एकट्याला गाठून विचारावं लागतं आणि विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजत थांबावं लागतं. आम्ही कागद भरून दिले. मी लालभडक निघालो, आश्रुबा हिरवे. दुपारच्या पंगतीत मी ओरडलो, "आश्रुबा, दहापर्यंत मोजलं बघ! आता तरी मठ्ठा मागशील का?" सगळी पंगत हसली. आश्रुबाही हसले, ताटाकडं बघत.

मला तर लाल निघाल्याची पदवी मिळाल्यासारखं झालं होतं. शिबिरातून घ्यायचं ते तिथंच सोडलं आणि सोडायचं ते घरी घेऊन आलो.

इथं माझ्या वडिलांचं सांगायला हवं. दिनकरराव त्यांचं नाव, आम्ही अण्णा म्हणतो. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी बायकोमुलांसह पाथरीत राहतो; अण्णा यायला तयार नव्हते, गावात एकटेच राहिले. एक म्हैस आहे. तिचं दूध ते आमच्याच केंद्रावर पायी आणून घालायचे. ते साडेसहाला येऊन जायचे, मी नऊला उगवायचो. दर रविवारी मी गावी जाई, बाजेवर बसून तासभर बोले. ते ऐकत.

पाऊसकाळ लागला आणि आश्रुबा एकदा माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. "साहेब, जरा बोलायचं व्हतं."

मी फोनवर होतो. "सोमवारी मीटिंग आहे ना? तिथं बोल. चारचौघांत बोलायला शीक जरा."

सोमवारी सगळ्यांदेखत विचारलं, "हं आश्रुबा, काय ते?" एक, दोन, तीन. दहापर्यंत मोजायला वेळ कोणाला होता?

"न्हाई, काई न्हाई साहेब."

"मग दारात कशाला येतोस?"

असं चार वेळा झालं. चारही वेळा ते दारात आले, चारही वेळा मी सोमवार दाखवला.

पोळा झाला आणि वरून विचारणा आली, तुमच्याकडं परत जाणारं दूध का वाढलं? मी त्याच दिवशी फर्मान काढलं. उद्यापासून ज्याचं दूध नासलं त्याचा नंबर भोंग्यावरून पुकारायचा. चारचौघांत लाज काढली की लोक आपोआप किटल्या घासतील! पाचव्यांदा आश्रुबा दारात आले. या वेळी थांबले नाहीत, बोलले. "साहेब, भोंग्यावर नका."

"आश्रुबा, तुझा हा हिरवेपणा आता बंद," मी म्हणालो. बाहेर दोघे-तिघे फिदीफिदी हसले, आणि मला ते आवडलं. हे लिहितानाही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सव्वासहालाच हजर झालो. माइक हातात, तोंड ओट्याकडं, पाठ रांगेकडं. आश्रुबा वास घेत पुढं सरकत होते. एका किटलीशी थांबले. झाकण उलटं ठेवलं आणि नंबरावर हाताचा पंजा धरून तसेच उभे राहिले.

"नंबर सांग."

पंजा नंबरावरच.

"आश्रुबा, हात काढ."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बावीस वर्षांत त्या माणसानं माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं. मग हात काढला.

मी दणक्यात पुकारलं, "सभासद नंबर एक्केचाळीस! तुमचं दूध नासलंय! किटली घासता येत नसेल तर दूध घालू नका! पुढं या आणि घेऊन जा!"

मग मागून आवाज आला, "माझी हाय ती."

मी वळलो. अण्णा होते. स्वतःच्या बापाचा नंबर मला माहीत नव्हता.

ते पुढं आले, पण माझ्याकडं नाही. खांबावरच्या भोंग्याकडं तोंड करून म्हणाले, "चुकलं साहेब. नेतो." आवाज तिथून आला होता ना! मग ओट्यावर हात फिरवत किटली शोधायला लागले. हात दुसऱ्याच्याच किटलीवर पडला, पुढं सरकला, रिकाम्या फरशीवर चाचपत राहिला. दोनशे डोळे बघत होते आणि माझ्या हातात माइक चालूच होता. आश्रुबांनी किटली उचलली, कडी अण्णांच्या हातात दिली आणि हलकेच म्हणाले, "चला अण्णा, मी येतो संगं."

परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलेला, डावा निम्मा. "तीन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं," ते म्हणाले. तीन महिन्यांपूर्वी कोण दारात उभं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी आश्रुबांना गाठलं. एकटे होते, किटल्यांना वाफ देत होते. "तुम्हाला काय बोलायचं होतं?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'तुम्ही' म्हणालो. आणि थांबलो. दहाच्या पुढं मोजलं असेल.

"अण्णाला दिसंना झालतं साहेब. किटलीच्या तळाला शिळं दूध चिकटून ऱ्हायचं, त्यान्ला कळायचं न्हाई. मी हितं धुऊन द्यायचो, पर घरचं गाळणं कोण धुणार? मला म्हनले, आमच्या नागनाथला बोलू नको, त्यो उगं वरडत बसंल." त्यांनी वाफेचा नळ बंद केला. "तरी मी आलो. पर चार मान्सांत त्यांचं आंधळेपन कसं काढू? तुमचे वडील हायत."

लाल म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

भोंगा मी उतरवला. अण्णा मात्र त्या सकाळनंतर केंद्रावर आले नाहीत. आश्रुबाच येता येता धार काढून देतात, दूध आणतात. मी आता पाथरी सोडून गावात राहायला आलोय. त्या सकाळबद्दल अण्णांशी बोलायचं आहे, एवढं एकच बोलायचं आहे. रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहतो. त्यांना चाहूल लागते.

"कोण हाय?" ते विचारतात.

"मी," म्हणतो. पण ते इतकं हळू निघतं, की त्यांना पुन्हा विचारावं लागतं.