तू हंयचो

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि आबांना कायमचं मुंबईला न्यायला मी गावी आलो. तेव्हा ते माडावर होते. दारूबंदी आल्यापासून माडी काढणं बंद, तरी ते चढायचे. खाली उतरले, कोयती धुऊन शेजारच्या बाबल्याला देऊन टाकली आणि म्हणाले, "चल." आगबोट सुटली तेव्हा तुम्ही सगळे गाववाले धक्क्यावर उभे होता. आबांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

आमच्या भंडाऱ्यांच्या घरातला पहिला बी.ए. मी. सरकारी नोकरी, भांडुपला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वीज. म्हाताऱ्याला आणखी काय हवं, असं चारचौघांत बोलायचो. पण आबा दिवसभर गॅलरीत बसून राहत. जेवण निम्म्यावर आलं. गावाला जातो, हे एकच पालुपद. आणि गावी त्यांना भाकरी थापून देणारं कोण उरलं होतं?

एकदा डोंगराकडची कातकरीण मध विकायला आली. आबांनी तिच्याकडचा सगळा मध घेतला, पाण्यात कालवला, लवंग, दालचिनी, मिरी टाकून मडक्यात आंबवत ठेवला. नोकरी सरकारी, कायदा कडक, आणि मडकं माझ्याच खाटेखाली. तरी मी ते तिथेच राहू दिलं. माणूस किती दिवसांनी गुणगुणत होता. बायको म्हणाली, कुणी विचारलंच तर सांगेन मामंजींचा काढा आहे, वास तर तसलाच येतोय.

रविवारी दुपारी मडकं उघडलं. वर बारीक फेस, ऑफिसातले लोक ज्या बियरबद्दल बोलतात तिच्यासारखा. आबांनी पितळी पेला भरला. पण गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पहिला घोट राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला, मातीवर. मग माणसांनी प्यायचं. ते पेला घेऊन जिना उतरले, मी मागोमाग. चाळीच्या आवारात सगळी फरशी. गटारापलीकडे थोडी मोकळी माती होती, तिथे जाऊन उभे राहिले.

"हंयचो राखणदार कोण रे?"

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं राहून कधी विचारलंच नव्हतं. म्हटलं, कोणीही असेल आबा, ओता ना.

ते रागावले नाहीत. "नाव ठावक नाय, तर साद कशी घालू?" पेला माझ्या हातात दिला. "तू पी. तू हंयचो."

मी प्यालो. गोड, मागून लवंगेचा चटका, घशात उतरताना रानातल्या मधाचा वास. दारू झकास होती, खोटं कशाला बोलू. आबांनी ओठालाही लावली नाही.

त्याच आठवड्यात ते परत गेले. पावसाळ्यात बोटी बंद असताना वारले. अग्नी तुम्हीच दिलात. आता गावी आलो की तुम्ही मला खुर्ची देता, चहा कपबशीतून देता. पाहुणाच मी. गावचा उरलो नाही, हे आबांनी बरोबर ओळखलं होतं. 'हंयचो' म्हणाले, मुंबईचा, तेवढं एक त्यांचं चुकलं.