पूर्ण हजेरीचा दिवस

वडील अकोल्यातल्या एका प्राथमिक शाळेचे हेडमास्तर होते आणि चौथीचा वर्ग स्वतःच घेत. मी त्याच वर्गात होते. घरी ते बाबा, शाळेत गुरुजी. वर्गात चुकून 'बाबा' तोंडून निघालं तर ते ऐकूच आलं नाही असं दाखवत.

शाळेतून पोर गळू नये हा त्यांचा ध्यास होता. कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग ओस पडायचे. मग प्रार्थना आटोपली की बाबा सायकल काढत आणि न आलेल्या मुलांच्या घरी जात. कोणी बकऱ्यांमागे गेलेलं असायचं, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दारात बसलेलं. बाबा आईबापांशी भांडत, त्यांना विनवत, आणि पोराला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन येत. ज्या वर्गात एकही गैरहजर नसे त्याच्या दारावर पिवळी पताका लागायची. त्यांनी असं ओढून आणलेली कितीतरी मुलं पुढे शिकली, कामाधंद्याला लागली. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक त्यांना निर्दयी समजतात. ते तसे नव्हते.

टाटपट्टीवर माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीतली. त्या वस्तीनं नुकतीच बौद्ध दीक्षा घेतली होती आणि पोरं शिकवायचं वेड तिथे आमच्या आळीपेक्षा जास्त होतं. तिचे वडील कापूस बाजारात हमाल होते, आई जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सरकी निवडायला जायची. जिनातला तो उडता कापूस आईच्या छातीत बसला होता म्हणतात. तिला दमा होता आणि थंडीत तो फार वाढायचा.

त्या हिवाळ्यात शाळेची तपासणी ठरली. तपासणीच्या साहेबांना लोक दिपोटी म्हणत. दिपोटी येणार म्हणून वर्ग सारवले, फळे काळे केले, आणि बाबांनी सगळ्यांना बजावलं, "उद्या कोणीही घरी राहायचं नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती.

बाबांनी सायकल काढली. मला म्हणाले, "चल, तू असलीस तर ती लवकर तयार होईल." मी मागे बसले.

तिची आई बाजेवर गोधड्यांचा ढीग पोटाशी धरून, पुढे वाकून बसली होती. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. मुलगी चुलीपाशी पाणी तापवत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिचे वडील पहाटेच कामावर गेले होते.

"गुरुजी, आज राहू द्या पोरीले," आई थांबत थांबत म्हणाली. "मले लय दम लागून राहिला."

"बाई, फक्त साहेब जाईपर्यंत," बाबा म्हणाले. "ते गेले की मी स्वतः आणून सोडतो. तिच्या एकटीमुळे पूर्ण हजेरी अडलीय बघा."

मुलगी आईकडे बघत होती. आई म्हणाली, "जा माय. गुरुजी दारात आले. शाळा बुडवली म्हणून तुये बाबा मलेच रागावतीन. जा."

मुलीनं गरम पाण्याचा गडू आईच्या हाताशी ठेवला, वर पितळी झाकली आणि वेणी न घालताच आमच्याबरोबर निघाली.

साहेब सकाळी येणार होते ते दुपार कलल्यावर आले. हजेरी झाली, सगळे हजर. साहेबांनी पाढे विचारले. तिनं एकोणतिसाचा पाढा एकदाही न अडखळता म्हटला आणि साहेब खुश झाले. मग ते ऑफिसात बसून कागद तपासू लागले. बाबा अधूनमधून आमच्या वर्गाच्या दारात येऊन जात. ते दिसले की ती जागेवरून अर्धवट उठायची. बाबा हात वर करून तळवा दाखवायचे. थांब. ती परत बसायची. असं पुन्हा पुन्हा झालं.

साहेबांचा टांगा गेला तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबांनी तिला सायकलवर घेतलं आणि जोरात निघाले. मी घरी आले.

दिवेलागणीला बाबा परतले. हात-पाय धुवायला न्हाणीत गेले आणि बराच वेळ नुसतं पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. माझ्या आईनं शेवटी दार लोटलं.

"काय झालं?"

"तिची आई गेली," बाबा म्हणाले. "उंबऱ्याशी सापडली. आसपासची सगळी कामावर गेलेली. तिनं हाक मारली की नाही तेही कोणाला ठाऊक नाही."

त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही.

मातीला बाबा गेले होते, पण मागे उभे राहून परत आले. पुढे काही दिवसांनी त्या मुलीचे वडील आमच्याकडे आले. बाबांनी खुर्ची पुढे केली, ते ओसरीच्या पायरीवरच बसले. मी दाराआड होते. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. मनातून मला तो ओरडायला हवा होता.

ते म्हणाले, "गुरुजी, साहेब काय म्हने? खुश झाले?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"झाले," बाबा म्हणाले. "तिनं पाढा फार छान म्हटला."

त्यांनी मान हलवली, डोक्याचं फडकं नीट केलं आणि उठून गेले.

त्याच आठवड्यात ती शाळेत आली. तिला आणायला कोणी गेलं नव्हतं. बाबा हजेरी घेत होते. तिचा नंबर आला तसे ते थांबले आणि पुढचा नंबर बोलले. हजेरी संपल्यावर ती उभी राहिली.

"गुरुजी, माहा नंबर राहिला. मी हजर आहो."

बाबांनी लिहिलं, पण खाली घातलेली मान वर केली नाही. त्यानंतर वर्षभर ती एक दिवसही चुकली नाही. अंगात ताप असला तरी यायची. बाबा म्हणायचे, "घरी जा बाळ," आणि ती तशीच बसून राहायची.

बाबा मात्र पुन्हा कोणाच्या घरी गेले नाहीत. दारावरची पताका गेली, वरून कानउघाडणी आली, त्यांनी ऐकून घेतली. आधी ज्याला ते दर आठवड्याला दांडीवर बसवून आणत, असा एक मुलगा त्या वर्षी शाळेतून सुटला तो सुटलाच. एकदा तो रस्त्यात डोक्यावर सरकीचं पोतं घेऊन चाललेला दिसला. बाबांनी सायकलवरून उतरून त्याला जाऊ दिलं आणि कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले. आणायला जावं तरी चूक, न जावं तरी चूक, अशा कुठल्या तरी जागी ते अडकले होते आणि तिथून त्यांना कोणी काढू शकलं नाही.

पुढे त्यांची अमरावतीला बदली झाली. मी मॅट्रिक होऊन तिथेच शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले. पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीपाशी चौथीत माझ्या शेजारी बसणारी ती मुलगी भेटली. ती होस्टेलवर राहत होती. मग मी कितीतरी वर्षं मनात असलेलं विचारून टाकलं.

"तुला राग येत नाही?"

"येते ना. तुया बाबाचा येते. माह्या बाबाचा येते. मायचा तं सगळ्यात जास्त येते. तिनं नोको जाऊ म्हणाले पाहिजे होतं."

"शाळा होती म्हणून तू इथवर आलीस, असं बाबा..."

"आली ना. शाळेनंच आली," ती मध्येच म्हणाली. "पण त्या दिवशी नसती गेली तरी आलीच असती. एका दिवसानं काय होते, सांग बरं मले."



मी तिला घरी यायला सांगितलं. ती म्हणाली, "येईन एखाद्या रविवारी." मी बाबांना सांगितलं. रविवारी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि समोरच्या खोलीत येऊन बसले. ती आली नाही. पुढच्या रविवारीही ते तसेच बसले, त्याच्या पुढच्याही. रस्त्यावर चपला वाजल्या की त्यांचा चेहरा बदलायचा. न राहवून मी म्हणाले, "मी होस्टेलवर जाऊन घेऊन येते तिला."

"नको," बाबा म्हणाले. "आणायला जाऊ नकोस."

ट्रेनिंग संपल्यावर तिला अंजनगावकडे नोकरी लागल्याचं कळलं. ती आमच्याकडे कधीच आली नाही. बाबा मात्र रविवारी सदरा बदलून बसत राहिले.