विनावापर ओटा

कापडे गावच्या बौद्धवाडीतली चंद्रभागा महाडच्या जुन्या मंडईत बावीस वर्षं भाजी विकत होती. आणि १९८१ सालच्या एका सोमवारी भिंतीवर डकवलेल्या यादीत तिनं वाचलं, की ती तिथं बसतच नव्हती.

‘ओटा क्रमांक सतरा : विनावापर.’

चौथी शिकलेली बाई. तिनं बोट ठेवून पुन्हा वाचलं. अक्षर बदललं नाही.

मंडई पाडायची होती, त्याला तिची ना नव्हती. गंजक्या पत्र्यातून गळणारं पाणी तिच्याच पडवळांवर पडायचं. मंडई सोसायटीनं मुंबईहून आराखडेवाले आणले. पुढल्या पंचवीस वर्षांचा विचार करून त्यांनी दुमजली बाजारसंकुलाचा नकाशा काढला. ज्याचं नाव यादीत, त्याला शटरचा पक्का गाळा.

घोळ झाला तो वारांचा. सोमवार ते बुधवार सतरावर चंद्रभागा बसे, गुरुवार ते शनिवार उमरठची मैना. उरलेले दिवस दोघी आपापल्या बाजूच्या वाड्या पालथ्या घालून माल जमवत. डोंगरातल्या बाईला हे दोन्ही एका आठवड्यात एकटीनं जमतच नाही; असे अकरा ओटे होते. बावीस वर्षांपूर्वी चंद्रभागेबरोबर ओटा वाटून घ्यायला कुणी तयार नव्हतं. बौद्धवाडीची म्हटल्यावर बायका पदर सावरून उठायच्या. तेव्हा मैनाच म्हणाली होती, “बस गो. दगडाला काय कळतंय, कोन बसलं ते?”

आराखड्याची माणसं पहिल्यांदा मंगळवारी आली आणि चंद्रभागेचं नाव लिहून गेली. पडताळणीला आली शुक्रवारी. “चंद्रभागा तूच का?” सोबतच्या सोसायटीच्या कारकुनानं विचारलं. मैना म्हणाली, “नाय, ती आज नसते.” कारकुनानं चंद्रभागेचं नाव खोडलं, मैनाचं लिहिलं नाही. अकराही ओट्यांवर असंच झालं. कागदावर मोकळ्या झालेल्या त्या जागेत त्यांनी मोटारी उभ्या करायचं आवार आखलं. चाळीस मोटारींचं. तो नकाशा यादीशेजारीच लावला होता.

चंद्रभागा टोपली तशीच टाकून सोसायटीच्या कचेरीत शिरली. चिटणीस होते, चष्मेवाला आराखडेवालाही होता.

“महाडात मोटारी किती हायत, भाऊ?”

“आज नाहीत बाई. सन दोन हजारात असतील. नियोजन म्हणजे पुढचं बघणं.”

“ज्या आल्या नाय त्या मोटारी तुमाला दिसल्या, आनि बावीस वर्सं बसल्येली मी दिसले नाय? चष्मा तपासा जरा.”

शिपाई हसला. चिटणिसांनी त्याच्याकडं बघताच तो पाण्याचा माठ पुसू लागला.

“असं कर,” चिटणीस मऊ आवाजात म्हणाले, “ओटा मी एकटीच वापरते, असं लिहून दे. गाळा तुझा.”

“आनि मैना?”

“एका गाळ्याला एकच नाव.”

तिनं पेन हातात घेतलं. पन्नाशीतले गुडघे, न गळणारं छप्पर, कुलपाची किल्ली, सगळं त्या कागदावर होतं. फक्त खोडायचं काम या वेळी तिनं करायचं होतं. पेन तिनं टेबलावर असं ठेवलं की दौत कलंडली.

गुरुवारी मैना आली, तर ओट्यावर चंद्रभागा.

“वार चुकलीस काय गो?”

चंद्रभागेनं सगळं सांगितलं. मैना उलट तिच्यावरच उखडली. “येडी हायस! सही ठोकायची व्हतीस. मी काय तुझ्या गाळ्याच्या दारात बसले नसते?”

“शटर आलं की माणूस बदलतं, मैना. मी पन बदलले असते. सरक, मला बसू दे नीट.”

दोघी खेटून बसल्या. दुपारपर्यंत बाकीच्या दहा ओट्यांना निरोप गेले, आणि शनिवारी अकरा ओट्यांवर बावीस बायका होत्या. पुढच्या आठवड्याचा माल जमवायला कुणीच गेली नव्हती. टोपल्यांच्या तळाशी उरलेल्या वालाच्या चार शेंगा. गिऱ्हाईक येई, बघे, परत जाई. एका आठवड्याच्या चुली त्यांनी त्या बसण्यात घातल्या.

चिटणिसांनी कारकुनाला पाठवलं. “एका ओट्यावर दोघी कशा?”

“परवा म्हनलात कुनीच नाय,” मैना म्हणाली. “आता दोन झाल्या तर मोजता येत नाय व्हय रे?”

चंद्रभागेनं त्याच्या कानावरची पेन्सिल उचलली आणि त्याच्या हातातल्या यादीत सतराच्या पुढं दोन्ही नावं लिहिली, मैनाचं आधी. मग कागद पुढच्या ओट्यावर गेला. कारकून घाम पुसत उभा राहिला.

महिन्यानं नवी यादी लागली. सतराला दोन नावं होती, बाकीच्या दहांनाही. गाळा मात्र नव्हता. मागच्या अंगाला, गटाराच्या कडेला, छपराविना ओटा. पुढचं सावलीचं आवार मोटारींसाठी तसंच राखलेलं.

बायका म्हणाल्या, “चला, नाव तरी आलं.”

चंद्रभागा पदर खोचून पुन्हा कचेरीत गेली आणि दारातूनच म्हणाली, “तुमच्या मोटारींना नाक नसतंय ना? मग त्यांना लावा गटाराकडं.”