अकोल्यात न केलेली अंघोळ

हे मी सांगतो आहे आणि सून लिहून घेते आहे. मध्ये स्वतःचे एक वाक्यही घालायचे नाही, अशी तिला ताकीद आहे. कारण माझ्या उजव्या डोळ्याची जी कथा अमरावतीपासून अकोल्यापर्यंत फिरते आहे, ती साफ खोटी आहे. अकोल्याच्या स्मशानातून परतल्यावर मी डोक्यावरून अंघोळ केली आणि त्या पाण्याने डोळा नासला, असे माझा मुलगा सांगतो. भाऊबंद दुजोरा देतात. मी आयुष्यभर वकिली केली. साक्षीदार आपसांत ठरवून बोलतात तेव्हा त्यांचा सूर कसा असतो, ते मला कळते.

डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्याने गेलेला. उजव्यातला मोतीबिंदू काढून अमरावतीच्या डॉक्टरांनी भिंग बसवले, तेव्हा समोरच्या कॅलेंडरातली तिथी मी खाटेवरून वाचून दाखवली. डोक्यावरून पाणी नको आणि दुखले किंवा अंधुक झाले तर त्याच क्षणी यायचे, असे त्यांनी बजावले होते. त्याच आठवड्यात अकोल्याचा चुलतभाऊ वारला. घराण्यात वडील मीच उरलो होतो. जाणे भाग होते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे समोरचा रस्ता मळकट झाला.

"अरे, पुढे धूर आहे का?"

"नाही बाबा, ऊन आहे. काळा चष्मा लावा."

"लावलेलाच आहे."

"मग अंधारच दिसणार!" गाडी चालवता चालवता मुलगा हसला. मीही हसलो.

"परत फिरू या का?" मी विचारले.

"लोक खोळंबले असतील," तो म्हणाला.

स्मशानातून आलो, तर चुलतबहीण दारात आडवी उभी. "दादा, डोक्यावरून पाणी घेतल्याबिगर आत येता येत नाही."

"डोळ्यात नवं भिंग आहे, बाई."

"भिंग तुमच्या डोयात, मग विटाळ आमच्या घरात कावून? वकिली कोर्टात करा!"

मी वाद घातला नाही, यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. हातपाय धुतले आणि अंगणातल्या खुर्चीवर बसून राहिलो. घरात पाऊल टाकले नाही, डोक्यावर थेंब घेतला नाही. पाय धुताना धोतर भिजले आणि मुलाने ते ओले धोतर पाहिले. एवढाच त्याचा पुरावा. आणि वडील माणसाला दाराबाहेर बसवले, हे बहिणीला आता कबूल करवत नाही. म्हणून ती अंघोळीची शपथ घेते.

त्या खुर्चीवरच भुवईमागे ठणका सुरू झाला. मंडपातले ओळखीचे चेहरे एकेक करून पुसट होत गेले. मी मुलाला हाक मारली. आम्ही थेट अमरावतीचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी डोळ्यात प्रकाश टाकला आणि त्यांचे हसत-हसत बोलणे थांबले. "आत पू झाला आहे. कधीपासून त्रास होतोय?"

"सकाळी जातानाच," मी म्हणालो.

"अकोल्यात अंघोळ केली, त्यानंतर," मुलगा म्हणाला.

"असा संसर्ग ऑपरेशनच्या वेळीही शिरू शकतो," डॉक्टर म्हणाले. "पाण्यानेच झाला, असं नाही. पण किती वेळ वाया गेला, त्यावर हा डोळा अवलंबून आहे."



डोळ्यात औषधाचे इंजेक्शन दिले. पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करून आतला गढूळपणा उपसला. बसवलेले भिंगही काढावे लागले. मुलगा उशाशी बसून होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला अंघोळीची गोष्ट सांगत होता. त्याला ते पाणी हवे आहे. पाणी नसेल, तर मूर्तिजापूरच्या अलीकडचा रस्ता त्याला आठवावा लागेल. मला हे समजते. तरीही न केलेली अंघोळ मी मान्य करणार नाही.

काल पट्टी काढली. समोरच्या करड्या धुक्यात काहीतरी हलले.

"किती बोटं?" डॉक्टरांनी विचारले.

"तीन," मी ठामपणे म्हणालो.

मुलगा शेजारीच उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. माझे म्हणणे या वेळी त्याने खोडून काढले नाही.