बूच काढा, भावजी

सगुणा आज सकाळी गेली.

माझी बायको. तुमच्यातले बरेच जण तिला आजी म्हणायचे.

मुलं म्हणतात, अण्णा, जरा पडा. कसा पडू? तिच्या माहेरी कळवलं का, हार आणायला कोण गेलंय, गॅस बंद आहे का, हेच डोक्यात. म्हणून मोबाईलवर, आपल्या ग्रुपसाठी, एक एक अक्षर टाइप करत बसलोय. शाळा चौथीपर्यंतच. चुकलं तर सांभाळून घ्या.

खरं तर ती फार पूर्वीच जायची होती.

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती. आमचं गाव मायणीकडचं, साताऱ्याच्या दुष्काळी टोकाला. सगुणाचं पहिलं बाळंतपण. सुईण हात पुसत बाहेर आली.

"मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई. मिरजंला न्या, आत्ताच्या आत्ता."

मिरज म्हणजे विटा, तासगाव, सांगली ओलांडून पुढं.

गावात गाडी एकच. माझ्या थोरल्या भावाची. दादा पलटणीत ड्रायव्हर होता. परत आल्यावर त्यानं लष्कराच्या लिलावातली जुनी डिझेलची गाडी घेतली. पुढं केबिन, मागं उघडा हौदा. मूळची टाकी सडली होती, म्हणून दुसरी टाकी हौद्यातच, केबिनच्या पाठीला बसवलेली.

हौद्यात कडबा, वर घोंगडी, घोंगडीवर सगुणा. डोकं टाकीला टेकलेलं. शेजारी मी.

विट्यापर्यंत गाडी झकास आली.

पुढच्या चढाला जोर गेला. दादानं गिअर उतरवला, तरी रांगायला लागली. मग बंदच.

दादा खाली उतरला. "धूर काळा न्हाई. हवा बराबर हाय. तेलच पोचंना झालंय."

त्यानं फिल्टर खोलला, धुतला. टाकीचं बूच काढून काठी घालून बघितली. तेल भरपूर. हातपंप मारून नळीतली हवा काढली.

गाडी सुरू. पहिल्यासारखी जोरात.

सगुणानं माझी बाही ओढली. "बूच काढल्यावर टाकी फुस्स करून वाजली. त्यास्नी सांगा."

स्वतः का नाही सांगितलं? आमच्याकडं थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती. पदर पुढं ओढायचा आणि काय असेल ते नवऱ्याकडून सांगायचं.

मी केबिनच्या मागच्या खिडकीतून ओरडून सांगितलं.

"आरं, तिला कळा येत्यात! तिचं काय ऐकतोस? धर तिला नीट!"

थोड्या अंतरावर गाडी परत मेली.

दादानं परत फिल्टर खोलला. स्वच्छ होता. तरी धुतला. परत बूच, परत काठी, परत पंप. मी गाडीभोवती फिरतोय. झालं का दादा? आता होईल का?

"गड्या, आणि येकदा इचारलंस तर तुलाच जुंपीन गाडीला!"

गाडी सुरू झाली. तासगाव दिसायच्या आत तिसऱ्यांदा थांबली.

सगुणाचे ओठ पांढरे पडले होते. कळ आली की ती घोंगडी दातात धरायची. दादा पाना घेऊन फिल्टरकडं निघाला.

तेवढ्यात ती कोपरावर उठली. डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं.

"भावजी! त्यो फिल्टर ऱ्हाऊ द्या! आदी बूच काढा!"

दादा जागच्या जागी थांबला. लग्नानंतर त्यानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

मग तो हौद्यात चढला. बूच फिरवलं.

फुस्स.

मीही ऐकलं.

दादानं बूच उन्हात धरलं. "आरं, भोक कुठं गेलं?"

बुचाला वर बारीक भोक असतं. तेल उपसलं जाईल तशी त्यातून टाकीत हवा येते. हवा आली नाही की टाकी तेल सोडत नाही. दादानं आदल्या बाजारी बुचाची चिरलेली कड कल्हईवाल्याकडून सांधून आणली होती. त्या भल्या माणसाला वाटलं, हे भोकही फुटलेलंच. न सांगता तेही बुजवून दिलं.

दादानं खिळा ठोकून भोक मोकळं केलं. पंप मारला, गाडी हाणली.

खिडकीतून त्याचा आवाज आला. "सगुणा, आता तोंड उघडलंयस न्हवं? मग मिरजंपतूर मिटू नगंस. बोलत ऱ्हा!"

"काय बोलू?"

"मला शिव्या दे!"

"गाडी हाय का खटारा, भावजी! ह्यापरीस आमची म्हस पळती!"

"आणि दे!"

"मिरज किती लांब हाय?"

"आलीच की."

"खोटं नगा बोलू!"

गाडी आता कुठंच अडत नव्हती. पण सांगलीच्या अलीकडं सगुणा गप्प झाली.

"सगुणा! बोल!" दादा.

काही नाही. मी तिचे गाल चोळले.

"सगुणा! आगं, शिवी दे!"

बऱ्याच वेळानं ओठ हलले. "...रस्ता बघा, भावजी."

मिरजेच्या दवाखान्यात तिला उचलून नेलं. आम्ही दोघं बाहेर पायरीवर. दादाचे हात तेलानं काळे. हुबळीकडची एक नर्स आली, मोडक्या मराठीत म्हणाली, "मुलगी. आई पण आहे."

आई पण आहे.

मी तिला परत विचारलं. मग आणखी एकदा विचारलं.

त्या दिवसापासून सगुणा दादाशी समोरासमोर बोलायची. गावातल्या बायका नावं ठेवायच्या. दादा म्हणायचा, "बोलली म्हणून हाय, बोलू द्या."

दादा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आज सकाळी त्याच मुलीनं आईच्या तोंडात पाणी घातलं. तिचेही केस आता पांढरे झालेत. पाणी घशाखाली उतरलं. मी नीट बघितलं.

सगुणा, सावकाश जा. लेक माझ्याजवळ बसली आहे.

तुला हात जोडून निरोप.