दोन जाळ्यांच्या बदल्यात

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मला दोन जाळ्यांच्या बदल्यात दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. गोलपोस्टला मागून बांधतात ती जाळी. ही गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. 'झालं गेलं गंगेला मिळालं' असं मला कोणी सांगायला आलं, तर मी त्याला आधी विचारतो की बाबा, तुला कशाच्या बदल्यात दिलं होतं?

आमच्या आळीचं मंडळ फुटबॉल खेळायचं. आजही खेळतं. रत्नागिरीत फुटबॉल म्हटलं की बाहेरच्यांना हसू येतं, कारण क्रिकेट आणि कबड्डी सोडून इथे दुसरं काही चालतं यावर त्यांचा विश्वास बसत नाही. पण भाट्याच्या वाळूवर ओहोटी लागली की मैदान आपोआप तयार होतं आणि भरती येईस्तोवर ते कोणाच्या बापाचं नसतं. दिवाळीनंतर तिथे आळीआळीच्या संघांची स्पर्धा असते. दादा मंडळाचा कप्तान आणि गोलकीपर होता. मी पुढे खेळायचो. गोल मारायचं काम माझं होतं आणि ते मी करत होतो. हे मी माझ्याच तोंडाने सांगतोय म्हणून खोटं ठरत नाही.

एका वर्षी अंतिम सामना आम्ही भांडणात घालवला. तेव्हा गोलपोस्ट म्हणजे दोन बांबू आणि वर ताणून बांधलेली दोरी. मी मारलेला चेंडू दोरीच्या खालून गेला हे अख्ख्या किनाऱ्याने पाहिलं, फक्त पंचाने पाहिलं नाही. जाळं असतं तर चेंडू त्यात अडकून पडला असता आणि पंचाला तोंड उघडायची गरजच पडली नसती. त्या दिवसापासून दादाच्या डोक्यात जाळी बसली. जाळी विणणारे हात होते बंदरावरच्या संघाकडे. तो संघ मासेमारी करणाऱ्या घरांतल्या पोरांचा, आणि त्यांचा कप्तान तांडेल होता, म्हणजे बोट समुद्रात नेऊन परत आणायची जबाबदारी ज्याच्यावर असते तो माणूस. दादाने त्याच्याकडे जाळी मागितली. तांडेलाने बदल्यात खेळाडू मागितला.

खेळाडू देण्याघेण्याची आमच्याकडची रीत सोपी आहे. किनाऱ्यालगतच्या चहाच्या टपरीवर चार माणसांदेखत कप्तानाने 'दिला' म्हणायचं आणि जाणाऱ्याच्या हातात नारळ ठेवायचा. झालं. पाऊस संपल्यावर पहिल्याच सरावानंतर मी पाय धुऊन टपरीवर आलो, तर दादाने माझ्या हातात नारळ ठेवला. मला वाटलं, जाताना देवळात द्यायचा असेल.

"उद्यापासून तू बंदरावर," तो म्हणाला, आणि चहा प्यायला लागला.

आईने त्या संध्याकाळी त्याच नारळाचं वाटण लावून बांगड्याचं कालवण केलं. मी जेवलो नाही. दादा दोनदा भात घेऊन जेवला.

पुढे तांडेलाकडून जे कळलं ते जास्त लागलं. त्याने माझं नाव घेतलंच नव्हतं. त्याला मंडळाचा बचावात खेळणारा उंच गडी हवा होता. दादाने त्याला सांगितलं, "तो नाय मिळायचा. हवा तर माझा भाऊ न्या." म्हणजे मी मागितलेला मालसुद्धा नव्हतो. बाजारात पापलेट मागावं आणि कोळणीने पिशवीत बळेच मांदेली टाकावी, तसा मी बंदरावर पोचलो.

सूड घ्यायला मला फार वाट पाहावी लागली नाही. पहिल्याच स्पर्धेत मंडळाशी गाठ पडली. समोर गोलात दादा, त्याच्या मागे ती जाळी. मी चेंडू असा मारला की जाळं मागच्या खुंटीसकट उपटून आलं. मग दादाजवळ जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "फाटलं असेल तर बंदरावर पाठव, शिवून देतो." दादाने खुंटी उचलली, पायाने वाळूत दाबली आणि चेंडू मध्यभागी फेकला. 

त्याच्या त्या गप्प राहण्याने मला आणखी पेटवलं. पुढे दरवर्षी मी मंडळावर गोल मारत गेलो. इतर संघांविरुद्ध कधी पाय दुखायचे, कधी कंटाळा यायचा. मंडळाविरुद्ध अंगात ताप असला तरी मी उतरलो. घरी जेवताना मुद्दाम आईला गोल समजावून सांगायचो, ताटात भाताचा गोलपोस्ट करून. आई म्हणायची, "मेल्यांनो, जेवताना तरी नको." दादा म्हणायचा, "मीठ दे." बंदरावर खेळता खेळता मला तिथे बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं काम मिळालं, तेच आज माझं पोट भरतं. लोक सांगतात की ते दादाचे उपकार. मी त्यांचं ऐकून घेत नाही. विहिरीत ढकललेल्याला तळाशी मोहरांचा हंडा सापडला, तर ढकलणाऱ्याला कोणी ओवाळत नाही.

माझी मागणी तशी मोठी नव्हती. दादाने एकदा, एकदाच, टपरीवर सगळ्यांसमोर म्हणावं की ह्याला दिला ती चूक झाली. बस्स.

आणि टपरीवर तर दर रविवारी संध्याकाळी कुणाला सोडलं ती चूक झाली, हाच विषय असतो. तिथले निम्मे लोक इंग्लंडातल्या एका क्लबाचे आणि निम्मे त्याच्या वैऱ्याचे. ज्यांनी कधी कोल्हापूरपलीकडे पाय टाकलेला नाही, ते लोक तिकडच्या मालकाने कुठल्या वर्षी कुणाला विकला यावर घरातलं सोनं चोरीला गेल्यासारखे हळहळतात. एक म्हणतो, तो ठेंगणा विकला तिथेच आपलं वाटोळं झालं. दुसरा म्हणतो, ठेंगण्याचं सोड, गोलकीपर सोडला त्याचं काय? मोबाईलवर जुने गोल दाखवले जातात, चहा निवतो, आणि दोन माणसं पुढच्या रविवारपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत.

या सगळ्याचा न्यायाधीश म्हणजे एक निवृत्त एसटी कंडक्टर. जन्मभर गाडीतली भांडणं मिटवल्यामुळे त्याला आवाज न चढवता निकाल देता येतो. त्याचा नियम एकच. विकलेला माणूस दुसऱ्याची जर्सी घालून येतो आणि आपल्यालाच गोल मारतो, ती खरी चूक. बाकी सगळी हळहळ.

इंग्लंड आटोपलं की गाडी आमच्या मंडळावर यायची. मंडळाने कुणाला सोडायला नको होतं? एक डावखुरा होता, जर्सीच्या नंबरावरून भांडला म्हणून त्याला चिपळूणच्या संघाला दिला आणि तिथे तो चमकला. एक जण सरावाला उशिरा येतो म्हणून घालवला, तो पुढे गोव्यात खेळला. ही नावं दर रविवारी निघायची. मी शेजारच्या बाकावर कान देऊन बसायचो. कंडक्टरच्या नियमाने पहिला नंबर माझाच होता. पण दादा समोर असल्यावर कोण बोलणार? सगळे डावखुऱ्यापाशी अडायचे, आणि मी चहा संपवून उठायचो.

यंदा मात्र दादाच्या हातून मंडळ गेलं. वय झालं म्हणून नव्या पोरांनी त्याला कप्तानीवरून आणि गोलातूनही काढलं. इकडे तांडेलाचे गुडघे केव्हाच गेले आहेत आणि बंदराच्या संघाचा कप्तान आता मी आहे. आमचा गोलकीपर नेमका यंदा जहाजावर नोकरीला लागला. गोलात उभं करायला माझ्याकडे माणूस नव्हता, आणि दादाकडे उभं राहायला गोल नव्हता. टपरीवर तो येतच होता. कोणाकडे काही मागत नव्हता.

अशाच एका रविवारी डावखुऱ्याचा विषय निघाला तेव्हा कंडक्टरने हात वर केला.

"मी सांगतो. डावखुरा नाय आणि कोण नाय. मंडळाची मोठी चूक म्हणजे ह्याला दिलान ती." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

सगळे दादाकडे बघायला लागले. माझ्या हातातला ग्लास हातातच राहिला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता त्याच्या तोंडून येणार होतं.

दादाने बशीत चहा ओतला. "चूक कसली?" तो म्हणाला. "जाळी अजून टिकून हायत."

टपरी हसली. कंडक्टरही हसला. माझ्या डोक्यात सणक गेली.

मंडळाचा नवा कप्तान हसता हसता म्हणाला, "आता दादालाच कोणतरी न्या. आमचा हवा भरायचा पंप मोडलाय. पंप देईल त्याला दादा दिला."

"पंप मी देतो," मी म्हणालो.

"खरंच?"

"दिला म्हणालास ना आता? सगळ्यांनी ऐकलं. आण नारळ."

त्या पोराचा चेहरा उतरला, त्याने थट्टा केली होती. पण रीत ती रीत. कंडक्टरने मान डोलावली, शेजारच्या दुकानातून नारळ आला, आणि नव्या कप्तानाने खाली मान घालून तो दादाच्या हातात ठेवला. दादाला कोणी काही विचारलं नाही. मी तर नाहीच. नारळ हातात घेऊन बसलेला दादा मी डोळे भरून पाहिला. सूड घेऊन माणसाला सुख लाभत नाही म्हणतात. ज्यांनी कधी घेतला नाही तेच असं म्हणत असावेत. मी घरी शीळ घालत गेलो.

एवढ्यावरही माझं मन भरलं नाही. आमच्याकडे दोन पंप होते. त्यातला वॉशर गेलेला, दट्ट्या दाबला की बाजूने फुसफुसणारा पंप मी निवडून मंडळाकडे पाठवून दिला. दादाचं बाकीचं वेळापत्रकही मी ठरवून टाकलं होतं. पहिल्या सामन्याला गोलात कोणालाही उभं करायचं, पण त्याला बाहेर बसवायचं, सगळ्या आळीदेखत.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी सरावासाठी किनाऱ्यावर पोचलो, तर दादा माझ्याआधी येऊन थांबला होता. हातात जुने हातमोजे घातलेले, बोटांपाशी झिजलेले. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर मला बरंच वाटलं असतं.

"पंप बघितला मी," तो म्हणाला. "हवा धरत नाय."

"जुना हाय. चालवून घेतील."

"माझ्या बदल्यात गळका पंप दिलास?"

मी बुटाची नाडी बांधत राहिलो.

"तांडेल तुझ्या बदल्यात बोटीवरची टाकलेली जाळी देत होता," दादा म्हणाला. "मी नाय घेतली. म्हटलं, माझा भाऊ हाय. नवी विणून देत असशील तर बोल. पाऊसभर विणत बसला होता तो."

मी वर पाहिलं. दादा रागावलेला नव्हता. व्यवहार न कळणाऱ्या धाकट्या भावाकडे पाहावं तसा तो माझ्याकडे पाहत होता. आणि मग माझ्या लक्षात आलं, म्हणजे अख्खा पाऊस ह्याला माहीत होतं. समोरासमोर बसून आम्ही रोज जेवत होतो, आणि तिकडे बंदरावर माझी जाळी विणली जात होती.

"पाऊसभर माहीत होतं," मी म्हणालो, "तर मला एकदा इचारलं का नाय?"

"तू काल मला इचारलंस?" दादा म्हणाला, आणि गोलात जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी मी मंडळात जाऊन गळका पंप परत घेतला आणि चांगला देऊन आलो. पहिल्या सामन्याला मात्र दादाला बाहेरच बसवला.