नांगर उचलायची मोटर

आमचं दुकान कोल्हापुरात, उद्यमनगरात. ट्रक, ट्रॅक्टर, जीप यांचं वायरिंग हे बाबांचं काम, आणि इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर मीही तिथंच बसायला लागले. मुलगी गॅरेजात कशी, असं विचारणारे चार दिवसांत दमले. मला तिथं करमायचं. बंद गाडी म्हणजे एक प्रश्न असतो, आणि प्रश्न अर्धा टाकून जेवायला जाणं मला कधी जमलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर देवगडहून मावशीचा फोन आला. तिच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, शिडाच्या होडीचा नाद. बंदरावरच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी फायबरची एक होडी घेतली होती आणि रोज सकाळी ते खाडीबाहेर फेरी मारून येत. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि नांगर ओढणं बंद झालं. तेव्हापासून मावशीच त्यांच्याबरोबर जाऊन साखळी ओढत होती. आता तिचीही कंबर धरली. काकांनी होडी विकायला काढली. दिवाळीनंतर गोव्याचं गिऱ्हाईक बघायला येणार होतं. होडी गेली तर हा माणूस खुर्चीत बसून संपेल, असं मावशी बाबांना म्हणाली. तुम्ही ट्रकांना काय काय बसवता, तसं नांगर उचलायचं काहीतरी बसवून द्या.

बाबांनी समुद्र पाहिला होता तो काठावरून. तरी हो म्हणाले. ‘जमणार नाही’ म्हणायला कोल्हापुरी माणसाची जीभ वळत नाही.

काका एसटीनं गगनबावड्याचा घाट चढून आले ते पिशवीत साखळीचा हातभर तुकडा आणि परदेशी विंचांचा कॅटलॉग घेऊन. बाबांनी किंमत बघून कॅटलॉग मिटला. मी तो उघडला. आमच्या माहितीतला विंच म्हणजे चिखलात रुतलेली जीप ओढायचा. त्याच्या ड्रमवर तारेचा दोर गुंडाळत जातो. इथं गुंडाळणं नव्हतंच. चाकाला खाचा होत्या. साखळीची एकेक कडी खाचेत बसणार, वर येणार आणि पलीकडे पेटीत पडणार. खाच कडीच्या मापाची नसेल तर चाक नुसतं गरगरणार. मी काकांना प्रश्नांनी भंडावून सोडलं. नांगर किती किलोचा हे विचारल्यावर ते हसले. नांगराचं वजन किती यापेक्षा तो चिखलात किती रुतलाय हे बघायचं असतं, आणि विंचानं होडी ओढायची नसते, होडी आधी नांगराच्या डोक्यावर आणायची असते, असं त्यांनी समजावलं. हे सांगताना त्यांचा चांगला हात आपोआप सुकाणू धरल्यासारखा वळला. मला फार वाईट वाटलं.

शेवटी भंगारातल्या जीपचा विंच घेतला. मोटर आणि गिअर ठेवले, ड्रम काढला, आणि शेजारच्या फाउंड्रीतून खाचांचं चाक ओतून घेतलं. पहिल्या चाकावरून साखळी सटकली, दुसऱ्यानं धरली. होडीची बॅटरी मागे इंजिनापाशी आणि विंच पुढच्या टोकाला. एवढ्या लांब बारीक वायर टाकली तर ती तापते आणि मोटरपर्यंत जोर पोचत नाही, म्हणून वेल्डिंगची जाड केबल घेतली, होडीच्या लांबीची. जीपच्या पुढच्या बंपरवर विंच बसवून बाबांनी बटण दाबलं, तर बिडाचा एक जडशीळ ठोकळा रस्त्यावरून सरकत आला. आख्खी गल्ली बघायला जमली होती.

देवगडला नांगर टाकलेल्या होडीवर सगळं तसंच बसवलं आणि मावशीला पुढे विंचापाशी बटण दाबायला सांगितलं. मागे बॅटरीपाशी टक् वाजलं. पुढे मोटर ढिम्म.

बाबांनी मोटर खोलली, पुसली, परत बसवली. पुन्हा टक्. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. काकांनी तोंड समुद्राकडे फिरवलं. त्यांनी मनात होडी विकूनही टाकली असावी. मी टेस्टिंगचा दिवा घेतला, एक टोक केबलला लावलं, दुसरं मोटरच्या पत्र्याला. दिवा लागेना. दुसरं टोक आणखी कुठं लावावं म्हणून मी इकडेतिकडे बघितलं, तर सगळीकडे पांढरं गुळगुळीत फायबर. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं.

“बॉडीच न्हाय की हिला,” बाबा म्हणाले.

गाडीत बॅटरीपासून एकच वायर पुढे जाते. वीज परत येते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. त्यालाच आम्ही बॉडी म्हणतो. उभा जन्म लोखंडावर वायरिंग केलेल्या माणसाला परतीचीही वायर लागते हे सुचणार कुठून? आणि मला डिप्लोमा असून सुचलं नाही, कारण मी शिकले ते बाबांच्याच हाताखाली. आम्ही दोघं इतके हसलो की मावशीला वाटलं आता यांचं डोकं फिरलं.

तसली केबल देवगडात मिळेना. ट्रकची बॅटरी मात्र मिळाली. ती पुढे विंचाशेजारीच बसवली आणि आणलेल्या केबलचे दोन तुकडे केले, एक जायचा, एक यायचा. मागच्या इंजिनावर ही बॅटरी चार्ज करायला बारीक दुहेरी वायर चालणार होती. मावशीनं बटण दाबलं. साखळी खडखडत वर आली आणि मागोमाग काळ्या चिखलानं माखलेला नांगर.

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. गिऱ्हाइकाला आजच नको म्हणून कळवतो, म्हणाले. मग त्यांनी बाबांना विचारलं, की असंच एक बटण मागे सुकाणूपाशी बसवता येईल का, म्हणजे एकट्यालाच सगळं करता येईल. आणि मावशीकडे वळून, अगदी मायेनं म्हणाले, “आता तुका येवची गरज नाय.”

मावशी साखळीचा चिखल धूत होती. इतकी वर्षं कोकणात काढूनही तिची बोली कोल्हापूरचीच. मान वर न करता ती म्हणाली, “मी काय नांगरासाठी येत हुतो व्हय?”

बाबा खाली बसून पान्हे गोळा करायला लागले.

“पावणं, बटण हितंच ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “मागं न्यायला वायर पुरत न्हाय.”

बटणाच्या वायरीचं आख्खं भेंडोळं माझ्या मांडीवर होतं. मी त्यावर ओढणी टाकली.